चौथी ओळ

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरालाच कासव म्हणाला, की जुन्या पुस्तकांचा वास आता त्याच्या नाकातून थेट डोक्यात गेलाय. "तुला डोकं आहे हे कुठून कळलं?" वकीलने विचारलं, पण तिच्या आवाजात रोजची धार नव्हती. धाकटी तर शिडीच्या खालच्या पायरीवर बसून, सुतळीच्या गुंड्यावर गाल टेकवून चक्क पेंगत होती. सुट्टी लागून आठवडा झाला होता, बाकीची पोरं मैदानावर बोंबलत होती, आणि हे तिघं शाळेच्या वाचनालयात पुस्तकांचे गठ्ठे बांधत होते. नसती उठाठेव कुणी करायला सांगितली होती? बाईंनी वर्गात नुसतं विचारलं, सुट्टीत पुस्तकं मोजायला कोण येईल. वकीलने आपला हात वर केला तो केलाच, शेजारच्या कासवचाही मनगटाला धरून वर केला.

वकील सातवीत जाणार होती. वाद घालायला मिळाला नाही की तिला जेवण जात नसे, म्हणून हे नाव. कासव तिच्याच वर्गातला. एक पान वाचायला त्याला इतका वेळ लागायचा की तोवर बाकीच्यांचा धडा संपून घंटा झालेली असायची. प्रत्येक तासाला तो बोलणी खायचा, फक्त वाचनालयाच्या तासाला नाही. तिथे कुणी घाई करत नसे. धाकटी ही वकीलची बहीण, तिसरीतली. दुपारी घरी कुणी नसायचं, म्हणून ती ताईच्या मागे शेपटासारखी यायची.

आणि बाई. वाचनालय बाईंचं होतं. या एका खोलीत त्यांची बावीस वर्षं गेली होती, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी कुठल्याही मुलाला कुठल्याही प्रश्नाचं सरळ उत्तर दिलेलं कुणाला आठवत नव्हतं. त्या पुस्तकांच्या कपाटाकडे बोट दाखवायच्या. पोरगं उत्तर घेऊन आलं की विचारायच्या, "कुठून कळलं?" मग पुस्तकाचं नाव आणि पान सांगावं लागायचं. सुरुवातीला वैताग यायचा. नंतर सवय व्हायची, आणि मग घरीदारी सगळ्यांना तेच विचारायची खोड लागायची. वकीलच्या वडिलांनी तर या प्रश्नापुढे हात टेकले होते.

आज मात्र बाई खिडकीजवळच्या खुर्चीत नुसत्या बसून होत्या. परवाच ऑफिसातून यादी आली होती. पाच वर्षांत न वापरलेली पुस्तकं, एकूण चारशे बारा, रद्दीत काढावीत. आज दुपारी दोनला टेम्पो येईल. सहाशेतली चारशे बारा गेल्यावर उरलेल्यांसाठी वेगळी खोली कशाला हवी? तेव्हा शाळा उघडली की खोलीत मोडके बाक ठेवायचे, वाचनालयाचा तास वेळापत्रकातून काढायचा आणि बाईंनी ऑफिसात बसून संगणकावर माहिती भरायची. खाली मोठ्या सरांची सही होती. सर स्वतः सकाळपासून मीटिंगला गेले होते, चारच्या आत परत यायचे नव्हते, आणि मीटिंगमध्ये ते फोन बंद ठेवायचे.

वकीलने यादीतलं पुढचं पुस्तक उचललं आणि ती थांबली. तो जगाचा मोठा नकाशासंग्रह होता. पाठ तीनदा चिकटपट्टी लावून धरलेली, कोपरे गोल झालेले, मधली पानं बोटं फिरून फिरून धुतलेल्या फडक्यासारखी मऊ पडलेली.

"हे पाच वर्षांत कुणी वापरलं नाही?" ती म्हणाली. "या पानावर शाईचा डाग आहे ना, तो माझा आहे. मागच्या वर्षीचा."

तिने बांधलेले दोन गठ्ठे सोडले. शरीराचा ज्ञानकोश, पक्ष्यांची ओळख, मोठा शब्दकोश. सगळ्यांची तीच अवस्था, सगळी वापरून वापरून जीर्ण झालेली. याउलट कपाटात राहिलेली गोष्टींची काही पुस्तकं अशी करकरीत होती की उघडताना कुरकुरायची.

"सगळ्यांवर लाल पट्टी आहे," कासव म्हणाला.

लाल पट्टी म्हणजे पुस्तक इथेच बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही. वकीलने पाहिलं तर खरंच, बांधलेल्या प्रत्येक पुस्तकावर लाल पट्टी होती. हे कधी लक्षात आलं असं तिने विचारलं. काल सकाळी, असं कासवने सांगितलं. तो सांगणारच होता, पण आधी त्याला खात्री करायची होती.

वकीलचं डोकं लगेच धावायला लागलं. ऑफिसकाकांना ही खोली हवी होती, वाऱ्याची होती ना, आणि ते रोज डबा खायला इथेच यायचे. म्हणून त्यांनी मुद्दाम चांगली पुस्तकं काढली. कट होता हा, सरळसरळ. ती हे बाईंना सांगायला गेली, अगदी हातवारे करून.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग सवयीनेच विचारलं, "कुठून कळलं?"

वकील गप्प बसली. ती अशी गप्प बसते तेव्हा धाकटी जागी होते. आत्ताही झाली.

"जा, त्यांनाच विचार," बाई म्हणाल्या. "आणि नीट विचार. ते काही वाईट नाहीत."

ऑफिसकाका खरंच वाईट नव्हते, फक्त दमलेले होते. टेबलावर फायलींचा डोंगर, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, आणि टेबलाखाली पाय ठेवायला कागदांचे कसलेतरी गठ्ठे. यादी कशी केली हे विचारल्यावर त्यांनी लपवाछपवी केली नाही. उलट जरा कौतुकानेच सांगितलं. एकट्याने दोन दिवसांत सहाशे पुस्तकं पाहिली होती त्यांनी. पुस्तक मागून उघडायचं, शेवटच्या पानावर तारखेचे शिक्के आहेत का बघायचं. शिक्का असेल तर वापर आहे, नसेल तर नाही. कामाची पद्धत पाहिजे, ते म्हणाले.

"पण काका, शिक्का पुस्तक घरी नेताना मारतात. लाल पट्टीची पुस्तकं घरी जातच नाहीत. त्यांच्यावर शिक्का येणार कुठून?"

काकांनी पेन खाली ठेवलं. हा विचार त्यांना शिवला नव्हता हे चेहऱ्यावर दिसलं. पण सही झालेली यादी बदलणं म्हणजे केवढा व्याप, हेही दिसलं. वापर झाल्याचं काहीतरी कागदोपत्री आण, ते म्हणाले, तुझ्या शाईच्या डागावर सर काय ऐकणार? आणि त्यांनी पेन पुन्हा उचललं.

वकील एकेक पायरी चढत वरच्या मजल्यावर परत आली. काकांनी काय सांगितलं ते तिने बाईंना सांगितलं. बाईंना त्यात नवीन काही नव्हतं. शिक्क्यांवरून वापर मोजू नका, हे त्यांनी सरांना दोनदा लेखी दिलं होतं आणि दोन्ही कागद फायलीत जाऊन झोपले होते.

"मला आता भांडायचं त्राण नाही गं," बाई म्हणाल्या. "बांधा तुम्ही गठ्ठे. आणि घरी जा, सुट्टी आहे तुम्हाला."

बाईंनी असं म्हणणं तिघांनाही सहन झालं नाही. धाकटीचे तर डोळेच भरले. कासव बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला आणि मग त्याच्या त्या संथ आवाजात म्हणाला, "बाई, आमच्या शोधचिठ्ठ्या कुठे असतात?"

शोधचिठ्ठी हा बाईंचा शोध होता. वाचनालयाच्या तासाला प्रत्येक मुलाने एक भरायचीच. वर तारीख. पहिली ओळ, प्रश्न काय. दुसरी, कुठे शोधलं, म्हणजे पुस्तकाचं नाव, क्रमांक आणि पान. तिसरी, काय मिळालं. आणि चौथी, काय मिळालं नाही. चौथी ओळ कोरी ठेवली की बाई चिठ्ठी परत द्यायच्या. सगळंच मिळालं असं कधी होत नाही, त्या म्हणायच्या, नीट शोधणाऱ्याला काय मिळालं नाही तेही माहीत असतं.

दर आठवड्याला प्रत्येक वर्ग, प्रत्येक मूल, प्रत्येक चिठ्ठीवर पुस्तकाचा क्रमांक. कागदोपत्री पुरावा म्हणतात तो हाच की!

पण बाईंनी मान हलवली. गेल्या पाच वर्षांच्या चिठ्ठ्या वर्षावर्षाचे गठ्ठे करून खालच्या कपाटात ठेवल्या होत्या. परीक्षा चालू असताना खोलीला रंग दिला तेव्हा कपाट रिकामं केलं आणि त्या गेल्या. कचऱ्यातच गेल्या असणार.

"कुठून कळलं?" धाकटीने विचारलं.

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग पहिल्यांदा जरा हसल्या. कळलं नव्हतंच, त्या नुसत्या धरून चालल्या होत्या.

कपाट कुणी रिकामं केलं होतं? शिपाईमामांनी. मामा जिन्यात झाडू टेकवून बसले होते. रंगाच्या वेळचं विचारताच त्यांना लख्ख आठवलं. ते कागद फेकायचे कशाला, म्हणाले, एका बाजूने कोरे होते की. ऑफिसात कागदाची टंचाई होती, तिकडे नेऊन दिले.

ऑफिसात! वकील धावतच निघाली, आणि त्याच वेळी फाटकातून टेम्पो आत आला. दोन वाजले होते.

"आता?" ती म्हणाली. "हे तर दहा मिनिटांत सगळं भरून जातील."

कासवने यादी हातात घेतली. "यादीप्रमाणे तपासून द्यायला हवीत ना पुस्तकं? एकेक वाचून?" तो म्हणाला. "मी वाचतो."

वकीलने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

कासव खालच्या व्हरांड्यात, मामांनी उतरवून ठेवलेल्या गठ्ठ्यांपाशी उभा राहिला आणि टेम्पोवाल्या दादांना त्याने अगदी नम्रपणे सांगितलं, की प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक जुळल्याशिवाय गठ्ठा हलणार नाही. यात खोटं काहीच नव्हतं, यादीच्या खाली तसं छापलेलंच होतं. आजवर कुणी ते वाचलं नव्हतं इतकंच. मग त्याने वाचायला घेतलं. आधी पुस्तकाचं पूर्ण नाव, मग लेखकाचं, मग क्रमांक. मग पुस्तक सुरुवातीपासून उघडून आत कुणाचं काही राहिलंय का ते पाहायचं. एका पुस्तकात वाळलेलं पान निघालं, ते त्याने बाजूला ठेवलं. दादांनी पहिली पाच पुस्तकं तग धरला. मग टेम्पोच्या पायरीवर बसले, मग बूट काढले.

इकडे ऑफिसात जेवणानंतरची पेंग काकांच्या डोळ्यांवर उतरली होती. वकीलने मामांनी दिलेल्या कागदांबद्दल विचारलं. काका म्हणाले, असतील इथेच कुठेतरी, बाळ, मला शोधायला वेळ नाही. त्यांच्यासमोर क्लिपबोर्डला त्या यादीची कच्ची प्रत लावलेली होती. पंख्याच्या वाऱ्याने तिचे लहान लहान कागद फडफडत होते, उलटत होते, पुन्हा पडत होते. धाकटीची उंची नेमकी टेबलाएवढी, त्यामुळे उलटणाऱ्या कागदांची मागची बाजू तिच्या डोळ्यांसमोर येत होती.

"हे माझं अक्षर आहे," ती म्हणाली.

काकांनी क्लिपबोर्डवरचा वरचा कागद उलटला. एका बाजूला त्यांच्याच हातचं होतं, नकाशासंग्रह, क्रमांक अमुक, वापर नाही. दुसऱ्या बाजूला कुणा पाचवीतल्या मुलाचं होतं, सर्वांत लांब नदी कुठली, नकाशासंग्रह, पान चौतीस. काकांनी पुढचा कागद उलटला. मग त्याच्या पुढचा. न वापरलेल्या पुस्तकांची अख्खी यादी त्यांनी ती पुस्तकं वापरल्याच्या चिठ्ठ्यांवर लिहून काढली होती.

 मग त्यांनी टेबलाखालून हळूच पाय उचलले. पायाखाली पाच वर्षांचे गठ्ठे होते.

गठ्ठे वर आणल्यावर नवीनच पंचाईत झाली. हजारो चिठ्ठ्या, चारशे बारा पुस्तकं आणि सर यायला जेमतेम दीड तास. वकील म्हणाली, आपण सगळ्यांत जास्त चिठ्ठ्यांची दहा पुस्तकं निवडू आणि दाखवू.

बाई खुर्चीतून उठल्या. दमलेल्याच होत्या, पण उठल्या. "तू निवडलीस तर सर म्हणतील, सोयीची निवडली. यादीतलं प्रत्येक चाळिसावं घे. जे येईल ते."

चाळीस, ऐंशी, एकशेवीस, असे करत चारशेपर्यंत दहा क्रमांक आले. बाईंनी ते फळ्यावर लिहिले आणि सगळे चिठ्ठ्या चाळायला बसले. वकील, धाकटी, बाई, मामा, आणि न बोलावता आलेले ऑफिसकाका. डोळे चुरचुरायला लागले. धाकटी थुंकी लावून कागद उलटायची आणि दर वेळी ताईचा धपाटा खायची. एकामागून एक क्रमांक सापडत गेले. कुणाच्या सहा चिठ्ठ्या, कुणाच्या चाळीस. पावणेचारला नऊ झाले. उरलेला दहावा, म्हणजे यादीतलं चाळिसावं पुस्तक, 'इंजिनं आणि पंप', काही केल्या मिळेना. सगळे गठ्ठे दोनदा चाळून झाले.

तेवढ्यात कासव घामाघूम होऊन वर आला. खाली चव्वेचाळीस पुस्तकं झाली होती. त्याच्या हातात एक शोधचिठ्ठी होती, टेम्पोवाल्या दादांनी भरलेली. एका पुस्तकातलं चित्र बघायला ते स्वतःच उठून आले होते, मग कासवने त्यांच्याकडून रीतसर चिठ्ठी भरून घेतली. प्रश्न, चढावर इंजिन का तापतं. पुस्तक, 'इंजिनं आणि पंप'.

"झालं की," वकील म्हणाली. "दहापैकी दहा."

"तारीख?" बाईंनी विचारलं.

तारीख आजची होती. वकीलच्या हातात पेन होतं. नुसता एक आकडा बदलायचा, मागच्या वर्षीचा करायचा. तिने बाईंकडे पाहिलं. बाई तर खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या होत्या. हे सगळ्यांत वाईट. वकीलने एक मोठा उसासा सोडला आणि कोरा कागद ओढला.

मोठे सर चार वाजून दहा मिनिटांनी आले. मीटिंगने पिळून निघालेले, घसा बसलेला. त्यांच्या टेबलावर फक्त एक चिठ्ठी ठेवलेली होती आणि तिच्या बाजूला नऊ छोटे गठ्ठे. सरांनी चष्मा लावून वाचलं.

प्रश्न: लाल पट्टीची पुस्तकं वापरात आहेत का? कुठे शोधलं: पाच वर्षांच्या शोधचिठ्ठ्या, यादीतलं प्रत्येक चाळिसावं पुस्तक. काय मिळालं: दहापैकी नऊ पुस्तकं वापरल्याचं लिहिलेलं आहे. काय मिळालं नाही: 'इंजिनं आणि पंप' आजच्याआधी कुणी वापरल्याचं सापडलं नाही.

सरांनी गठ्ठे चाळले. दोन-चार चिठ्ठ्या उलटून त्यांनी मागचं अक्षर पाहिलं आणि ऑफिसकाकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे बघत म्हणाले, की चूक माझी आहे सर, मी पुस्तक उघडलंच नाही. धाकटी त्यांची बाजू घेत म्हणाली, उघडलं होतं, फक्त मागून.

"ही चौथी ओळ का लिहिलीत?" सरांनी विचारलं. "नसती लिहिली तर मला कळलंसुद्धा नसतं."

"म्हणूनच लिहिली, सर," वकील म्हणाली.

 मग त्यांनी यादी घेतली, तिच्यावर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. टेम्पो रिकामा जाईल. खोली बाईंची राहील, तासही राहील. नवी यादी काका आणि बाई मिळून करतील, प्रत्येक पुस्तक पुढून उघडून. मग ते बाईंकडे वळले.

"तुमचे दोन्ही अर्ज मी वाचले नव्हते," ते म्हणाले. "या पोरांनी मला आज वाचायला लावलं. शाब्बास रे, तिघांनाही. कासवा, तू तर कमाल केलीस. टेम्पोवाले सांगत होते खाली, चव्वेचाळीस पुस्तकांना दोन तास!"

आपल्या संथपणाबद्दल शाबासकी मिळायची कासवची ही पहिलीच वेळ होती. त्याने उत्तर सावकाश जुळवायला घेतलं. जुळलं तेव्हा सर निघून गेले होते.

सुतळ्या सोडून पुस्तकं कपाटात परत लावायला साडेपाच वाजले. आता कुणाच्यात बोलायचंही त्राण नव्हतं. शेवटी धाकटीने काकांच्या क्लिपबोर्डवरची आपली चिठ्ठी मागून घेतली आणि बाईंना दिली. मागच्या वर्षीची, वाकड्यातिकड्या अक्षरातली.

प्रश्न: बाई दमतात कशाने? कुठे शोधलं: शरीराचा ज्ञानकोश, पान एकसष्ट. काय मिळालं: झोप कमी, पाणी कमी, काम जास्त. काय मिळालं नाही: यातलं बाईंचं कुठलं.

खाली बाईंची लाल पेनाची बरोबरची खूण होती. बाईंना ही चिठ्ठी आठवतच नव्हती. ढिगातून एकामागून एक खुणा करत गेल्या असणार, न वाचताच. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, खुर्चीत बसल्या, तसंच लाल पेन काढलं आणि चौथ्या ओळीच्या खाली हळूहळू लिहिलं: आपलं कुणी वाचत नाही असं वाटलं, की.

धाकटीने एकेक अक्षर लावत ते वाचून काढलं. मग मान वर करून विचारलं, "कुठून कळलं?"

"तुझ्याकडून," बाई म्हणाल्या. "लिही तिथे. पान नाही, पण चालेल आज."